मॅन पेजमधली पहिली दुरुस्ती

मॅन पेज म्हणजे लिनक्समध्ये 'मॅन' कमांडने उघडणारं माहितीचं पान. ते सुधारायचं तर अख्खं पान नव्याने लिहायला घेऊ नका, सुरुवातीला बरेच जण तिथेच दमतात. वापरताना तुम्ही स्वतः जिथे अडलात, तेवढी एकच जागा धरा. लिनक्सच्या विभाग २ मध्ये, म्हणजे सिस्टिम कॉलच्या (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागण्यांच्या) पानांत, 'एरर्स'खाली एखादा एरर कोड राहून गेलेला असतो. नवख्यासाठी ते उत्तम काम.

- आधी ही पानं सांभाळणाऱ्या प्रकल्पाची ताजी प्रत बघा. तुमच्या मशीनवरचं पान जुनं असू शकतं, उणीव कधीच भरून निघालेली असेल.
- विभाग तपासा, एकाच नावाची पानं दोन विभागांत असू शकतात. नुसतं 'मॅन प्रिंटएफ' टाकलं की बहुधा शेलची कमांड उघडते. सी-चं फंक्शन 'मॅन ३ प्रिंटएफ'ला मिळतं.
- ऐकीव माहिती लिहू नका. दहा-पंधरा ओळींचा सी प्रोग्रॅम लिहून तो एरर स्वतः आणून दाखवा. याबाबतीत मी हट्टी आहे, कारण लोक या पानावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

मूळ फाइलमध्ये प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा, म्हणजे डिफमध्ये (जुन्या-नव्या प्रतीतला फरक दाखवणाऱ्या यादीत) बदललेलं तेवढंच दिसतं. मॅक्रो (पानाची मांडणी ठरवणाऱ्या खुणा) पाठ करत बसू नका, शेजारच्या परिच्छेदाचं वळण गिरवा. 'मॅन -एल'ने फाइल उघडून एकदा वाचा. एका पॅचमध्ये, म्हणजे प्रकल्पाला पाठवायच्या बदलात, एकच दुरुस्ती. अर्ध्या ओळीची असली तरी बिनधास्त पाठवा.