वाचकांचे प्रश्न : स्वीकारले, पुढे काय?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा असून गेल्या वर्षी त्याला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचे निदान झाले. तो कमी बोलतो, पुष्कळदा कुठेतरी ऐकलेली वाक्येच पुन्हा म्हणतो आणि आनंद झाला किंवा गडबड वाढली की हात फडफडवतो. ‘तो आहे तसा मला मान्य आहे’ असे मी म्हटले की माझे पती म्हणतात, ‘म्हणजे तू प्रयत्न सोडलेस.’ मी नोकरी करत राहिले म्हणून हे झाले, असे सासूबाईंना वाटते. थेरपीत त्याला हात स्थिर ठेवायला आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहायला लावतात, तेव्हा तो रडतो. मी काय करावे? – एक आई

उत्तर : आधी सासूबाईंच्या म्हणण्याविषयी लिहिते, कारण तो सल मनात असताना दुसरे काहीही नीट ऐकू येत नाही. आईच्या नोकरीमुळे ऑटिझम होत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर काही नामवंत तज्ज्ञही याचा दोष आईच्या ‘थंड’ स्वभावाला देत असत. स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये त्या समजुतीला ठाम आव्हान दिले आणि पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा स्पष्ट झाला. उद्या कोणी लसीकडे बोट दाखवेल, तर ज्या लेखामुळे ती भीती पसरली तो १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, हेही सांगून ठेवा. तुमच्या हातून काही चुकलेले नाही.

तुमच्या पतींचा प्रश्न मात्र मला रास्त वाटतो आणि त्याचे उत्तर त्यांना मिळायला हवे. मूल स्वीकारले की प्रयत्न थांबत नाहीत, पण ते कशासाठी करायचे हे नव्याने ठरवावे लागते. प्रत्येक उद्दिष्टापुढे एकच प्रश्न ठेवा : हे शिकल्याने मुलाचे जगणे सोपे होईल, की पाहणाऱ्यांचा अवघडलेपणा तेवढा कमी होईल? पाणी मागता येणे, कुठे दुखते ते दाखवता येणे, नको असेल तेव्हा ‘नको’ म्हणता येणे, स्वच्छतागृह वापरता येणे, रस्त्यावर सुरक्षित राहणे, या गोष्टी चिकाटीने शिकवाव्यात आणि त्यासाठी स्पीच थेरपी व ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून दिले जाणारे प्रशिक्षण) यांची मदत जरूर घ्यावी. हात स्थिर ठेवणे आणि डोळ्यांत पाहणे ही उद्दिष्टे मी या यादीतून काढून टाकीन.

याला कारण आहे. आवाज, प्रकाश, स्पर्श यांची जाणीव अशा मुलांना फार तीव्र किंवा फार मंद होऊ शकते, आणि २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांतही या वैशिष्ट्याचा समावेश आहे. हात फडफडवून मूल पुष्कळदा स्वतःला सावरत असते, त्यामुळे ते बळाने थांबवले तर ताण तसाच राहतो आणि सावरण्याचे साधन तेवढे जाते. डोळ्यांत पाहावे लागले की समोरच्याचे बोलणे ऐकणे कठीण होते, असे अनेक ऑटिस्टिक प्रौढांनी सांगितले आहे. मूल स्वतःला इजा करत असेल, डोके आपटत असेल किंवा हात चावत असेल, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी दात, कान किंवा पोट दुखत नाही ना, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावे.

तो पुन्हा पुन्हा म्हणत असलेली वाक्ये निरर्थक समजू नका. एखादे वाक्य त्याने प्रथम कोणत्या प्रसंगी ऐकले ते आठवून पाहा. तो प्रसंग भीतीचा असेल, तर आज ते वाक्य उच्चारून तो ‘मला भीती वाटते’ एवढेच सांगत असण्याची शक्यता असते. चित्रांची कार्डे किंवा टॅब्लेटवरील संवाद-साधने दिली तर मूल बोलायचेच नाही, ही भीतीही सोडून द्या. या साधनांमुळे बोलणे खुंटते असे अभ्यासांत आढळलेले नाही, उलट काही मुलांचे बोलणे वाढलेले दिसते.

स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले की, ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला समजुतीचा घोटाळा एकतर्फी नसतो, दोघांनाही परस्परांचे कळत नसते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे अशी साखळीने सांगायला लावली. केवळ ऑटिस्टिक प्रौढांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली आणि दोन्ही प्रकारची माणसे मिसळली तेव्हा तपशील जास्त गळले. म्हणून शिकण्याचे सगळे ओझे सहा वर्षांच्या मुलावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. पतींना एक काम सोपवा. मूल अस्वस्थ होते त्याच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांत काय काय घडले, याची नोंद त्यांनी काही आठवडे ठेवावी. त्यातून जे कळेल तेही प्रयत्नच आहेत. थेरपिस्टशी स्पष्ट बोला, आणि मूल रडत असतानाही उद्दिष्ट बदलायला ते तयार नसतील तर थेरपिस्ट बदला.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे कठीण जाण्याची अवस्था) आहे. शिक्षक म्हणतात की शाळेत तिचा काहीच त्रास नाही. घरी आल्यावर मात्र ती दप्तर फेकते, धाकट्या भावावर धावून जाते आणि साध्या प्रश्नावरून तासभर रडते. आम्ही तिला लाडावले आहे का? औषध सुरू करायचीही भीती वाटते. – एक वडील

उत्तर : शिक्षकांना जे दिसते ते खरे आहे आणि तुम्हाला जे दिसते तेही खरे आहे. जागेवर बसून राहणे, सूचना लक्षात ठेवणे, मध्येच न बोलणे, यांसाठी ही मुलगी दिवसभर इतरांच्या कितीतरी पट शक्ती खर्च करते आणि जिथे आपल्याला कोणी टाकणार नाही याची खात्री असते तिथे येऊन कोसळते. मुलींची चंचलता अनेकदा बाहेर दिसत नाही, त्यामुळे त्यांचा त्रास शाळेच्या ध्यानात उशिरा येतो.

घरी आल्यावर पहिला अर्धा तास तिला काहीही विचारू नका. खाणे, एकांत, दोरीवरच्या उड्या, जे तिला मानवेल ते करू द्या. भावाला मारणे मात्र तत्काळ थांबवा, दोघांना वेगळे करा आणि त्या क्षणी कमीत कमी बोला. हट्टाने रडणारे मूल हवे ते मिळाले की थांबते, हे रडणे तसे थांबत नाही, म्हणून त्या वेळी उपदेश करू नये. बोलणे दुसऱ्या दिवशी, ती शांत असताना करावे. धाकट्या भावालाही दिवसातला काही वेळ केवळ त्याचा म्हणून द्या, अशा घरांत शांत मुलाकडे नकळत दुर्लक्ष होते. शाळेकडे सहानुभूती मागण्यापेक्षा नेमक्या गोष्टी मागा : गृहपाठ लेखी मिळावा, एका वेळी एकच सूचना द्यावी, तासाच्या मध्ये उठून फिरून येण्याची मुभा असावी.

औषधाविषयी सांगायचे, तर मेथिलफेनिडेटसारख्या औषधांचा अभ्यास अनेक दशके झाला आहे. भूक मंदावणे व झोप कमी होणे हे त्रास होऊ शकतात, म्हणून उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवले जाते. निर्णय बालमानसोपचारतज्ज्ञांशी बोलून घ्यावा आणि त्या चर्चेत मुलीलाही बसवावे. औषध घेतल्याने तिचा स्वीकार कमी ठरत नाही, आणि न घेतल्याने तुम्ही अधिक समजूतदार ठरत नाही.

प्रश्न : नऊ वर्षांच्या नातवाला डिस्लेक्सिया आहे. त्याला हे सांगावे का? – एक आजी

उत्तर : सांगावे, आजी. आपल्याला वाचणे इतरांपेक्षा जड जाते हे त्याला केव्हाच कळलेले असते, आणि मोठ्यांनी कारण सांगितले नाही तर ‘आळशी’ किंवा ‘मठ्ठ’ हे वर्गातले शब्द तो खरे मानतो. त्याला सांगा की अक्षरे आणि त्यांचे ध्वनी जोडायला त्याच्या मेंदूला जास्त वेळ लागतो, बुद्धीशी त्याचा संबंध नाही, आणि पायरीपायरीने शिकवल्यास वाचन सुधारते. तोवर त्याच्या आवडीची पुस्तके त्याला वाचून दाखवा किंवा ऐकू द्या, म्हणजे वाचन मागे पडले तरी माहिती आणि शब्दसंपत्ती मागे पडणार नाही. नातेवाइकांना सांगण्यापूर्वी मात्र त्याची परवानगी घ्या, आणि तो ‘नको’ म्हणाला तर सांगू नका.