पेपर तपासणाऱ्यांना वगळून सही करू नकोस

प्रिय पोरी,

विद्यापीठाचा प्रस्ताव तू सविस्तर कळवलास ते बरं केलंस. पीएचडीच्या मुलांना घसघशीत पगारवाढ, वर आरोग्यविमा, आणि बदल्यात एकच अट : तासावर पेपर तपासणारे मास्टर्सचे विद्यार्थी युनियनच्या करारातून वगळायचे. ‘मावशी, ते दीड-दोन वर्षांत निघून जातात, सभेला फिरकत नाहीत, त्यांच्यापायी आपला करार का अडवायचा, असं समितीत सगळे विचारतात, आणि मला उत्तर सुचत नाही,’ असं तू लिहितेस. त्यात व्हिसाची धाकधूक. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या मूळ प्रश्नाला उत्तर आहे. अमेरिकेतल्या कामगारांनी ते फार मोठी किंमत मोजून मिळवलंय : कुणालाही बाहेर ठेवायचं नाही. तुम्ही ज्याला बाहेर ठेवाल, त्याच्याच जोरावर मालक तुम्हाला मोडतो.

युनियन का हवी, हे तुला सांगत बसत नाही. तेवढं तुला कळतं, म्हणूनच तू समितीत आहेस.

मी शिकागोत राहते, म्हणून पुलमनपासूनच सुरुवात करते. १८९३च्या मंदीचं निमित्त करून रेल्वेचे झोपायचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनने कामगारांची मजुरी कापली, पण त्याच्याच वसाहतीत राहणाऱ्या त्या कामगारांचं घरभाडं मात्र एक सेंटही कमी केलं नाही. मे १८९४मध्ये संप झाला. युजीन डेब्जची अमेरिकन रेल्वे युनियन मदतीला आली. तिचं तत्त्व किती मोठं होतं बघ : इंजिन चालवणारा आणि रूळ झाडणारा, दोघं एकाच युनियनमध्ये. फक्त ‘गोरा असेल तर’ ही अट होती. जूनच्या अधिवेशनात डेब्जने ती काढून टाका म्हणून विनवलं. थोड्याशा मतांनी ते फेटाळलं गेलं. आणि त्याच अधिवेशनाने पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार पुकारला! त्या डब्यांत रात्र रात्र जागून प्रवाशांची सेवा करणारे पोर्टर काळे होते. त्यांना काय म्हणून सांगायचं, की आमच्यासाठी काम सोडा? कोर्टाचा मनाई हुकूम आला, अध्यक्ष क्लीव्हलंडने सैन्य उतरवलं, डेब्ज तुरुंगात गेला. संप केवळ या एका ठरावामुळे बुडाला असं नाही, सरकारच उलटलं होतं. पण बुडताना हात द्यायला जे लोक येऊ शकले असते, त्यांना या लोकांनी स्वतःच परत पाठवलं होतं.

त्या पोर्टरांनी पुढे स्वतःची युनियन काढली, १९२५मध्ये. ए. फिलिप रँडॉल्फला नेता केलं, कारण तो कंपनीच्या पगारावर नव्हता, त्याला कामावरून काढता येणार नव्हतं. कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ उजाडलं. बारा वर्षं. हा हिशेब तुझ्या समितीतल्या घाईवाल्यांना सांग.

पोलाद कामगारांनी तर दोनदा तोंड पोळून घेतलं. १८९२मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात ३,८००च्या आसपास कामगार होते आणि युनियनमध्ये त्यातले जेमतेम एक पंचमांश, फक्त कुशल कारागीर. बाकीच्या मजुरांना त्यांनी कधी आत घेतलंच नव्हतं. तरी संपाच्या वेळी ते मजूर त्यांच्या बाजूने उभे राहिले! एवढं होऊनही धडा घेतला नाही. १९१९मध्ये साडेतीन लाख लोक संपावर गेले तेव्हा बऱ्याच युनियन काळ्या कामगारांना सभासद करत नव्हत्या. कंपन्यांनी काळे आणि मेक्सिकन कामगार हजारोंनी आणून भट्ट्या चालू ठेवल्या. मग त्यांना संपफोडे म्हणून शिव्या घालायच्या? ज्याला तुम्ही कधी आपला म्हटलंच नाही, त्याने तुमच्यासाठी उपाशी का राहावं?

उलट लॉरेन्स बघ. मॅसॅच्युसेट्समधलं गिरणगाव, जानेवारी १९१२. कायद्याने आठवड्याचे तास ५६चे ५४ झाले, तर मालकांनी त्या दोन तासांची मजुरी कापली. पोलिश, इटालियन, लिथुआनियन, सिरियन, वीस-पंचवीस भाषा बोलणारे लोक, त्यात निम्म्याहून अधिक बाया आणि पोरं. जुन्या युनियनवाल्यांचं मत होतं की असल्या लोकांची संघटना होऊच शकत नाही. तुझ्या समितीतही कुणीतरी नेमकं हेच म्हणतंय ना? जोसेफ एटॉर या संघटकाने संपसमितीत प्रत्येक देशाच्या लोकांचे प्रतिनिधी बसवले आणि प्रत्येक सभेत भाषांतरं करवली. वेळ जायचा, चिडचिड व्हायची, पण बाहेर कुणी उरलं नाही. मार्चमध्ये ते जिंकले. आणि करार असा, की ज्याचा पगार सगळ्यात कमी त्याला सगळ्यात जास्त वाढ.

तू कायद्याचं बोट धरतेस, म्हणून तेही सांगते. १९३५च्या वॅगनर कायद्याने युनियन करायचा हक्क दिला, पण शेतमजूर आणि घरकामगार सोडून. अमेरिकेच्या दक्षिण भागात काळी माणसं बहुतेक त्याच कामांत होती. म्हणजे कायद्यातही तीच तडजोड : तुम्ही घ्या, त्यांना सोडा. त्या सोडलेल्या शेतमजुरांनी तीस वर्षांनी, सप्टेंबर १९६५मध्ये, कॅलिफोर्नियात डेलानोला द्राक्षांच्या मळ्यांत संप केला. सुरुवात फिलिपिनो मजुरांनी केली. मळेवाल्यांची रीत ठरलेली होती : फिलिपिनो संपावर गेले की मेक्सिकन आणायचे, मेक्सिकन गेले की फिलिपिनो. म्हणून त्यांचा नेता लॅरी इटलिआँग मेक्सिकन मजुरांचा नेता सेझार चावेझकडे गेला, आणि आठवडाभरात मेक्सिकन मजुरांनीही संपाला होकार दिला. १९७०मध्ये मळेवाल्यांनी करार केले. चावेझचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच्या दारात आपण होऊन गेलेल्या इटलिआँगचं मला जास्त कौतुक आहे.

आता माझं. आमच्या हॉस्पिटलात नर्सेसची युनियन होती. एका कराराच्या वेळी व्यवस्थापनाने आम्हाला चांगली वाढ देऊ केली आणि सोबत स्वयंपाकघर, लाँड्री, साफसफाई कंत्राटदाराला द्यायचं ठरवलं. ‘आपण नर्सेस, तो आपला विषय नाही,’ असं सभेत ठरलं. मी विरोधात मत दिलं. उठून बोललेही. माझ्या वॉर्डातल्या मैत्रिणी त्यानंतर कित्येक महिने माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर असताना हिला तत्त्वं सुचतात, असं माझ्या मागे म्हणत. फी माझ्याही मुलीची होती. लाँड्रीत काम करणाऱ्या बाया पेन्शन जवळ आलेलं असताना घरी गेल्या. पुढे आम्ही संपावर गेलो तेव्हा कंत्राटदाराची माणसं आमच्यासमोरून रोज आत जात होती. त्यांच्याकडून दुसरी कसली अपेक्षा ठेवणार होतो? आम्ही हरलो. मी हट्टी आहे असं आजही काही जणी म्हणतात. म्हणू देत. तेव्हा माझं मत बरोबर होतं, आजही तेच देईन. खंत आहे ती एवढीच, की मतदानाच्या आधी लाँड्रीतल्या एकीला तरी त्या सभेत उभं करून बोलायला लावता आलं नाही. युनियनच्या नियमात बसत नव्हतं म्हणे.

तुमच्या नियमात बसतं. २०१६मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने सहाय्यक विद्यार्थ्यांना कामगार मानलं, तेव्हा त्यात मास्टर्सचेच काय, पदवीपूर्व विद्यार्थीही धरले होते. दिलेलं आहे ते तुम्ही आपल्या हाताने परत करायला निघालात! आणि त्याच कोलंबियात शिकून गेलेल्या बाबासाहेबांनी १९२८च्या गिरणी संपात हाच प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांना केला होता : विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नाही, मग संप कुणाचा? तू महाराष्ट्रातून आली आहेस. तुला हे अमेरिकेतल्या कुणी समजावून सांगायची गरज पडू नये.

विद्यापीठ मूर्ख नाही. मास्टर्सची मुलं नगण्य असती तर त्यांना वगळायला त्याने इतके पैसे मोजले नसते. उद्या तुम्ही शिकवणं बंद केलंत तर पेपर कोण तपासेल, याचा विचार त्याने केलाय. तुम्ही केलाय का?

तेव्हा मतदान पुढे ढकलायला सांग, आणि त्याआधी त्या मुलांना सभेला बोलवा. ईमेल पाठवून मोकळे होऊ नका, एकेकाला जाऊन भेटा. त्यात तेलुगू, चिनी, मराठी मुलं असतील, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला माणसं ठरवा. त्यांची मागणी त्यांना लिहू दे. एवढं करूनही समिती हरली तर निदान तुझं मत विरोधात नोंदवून घे. तुमच्या समितीतल्या किती जणांना त्या मुलांची नावं तरी माहीत आहेत, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझी,
मावशी