चढाची मुरमाड जमीन आणि खालची काळी : महोगनी लावू की साग?

तुमचा प्रश्न असा, की वाशीमजवळ साडेचार एकर आहे. वरचा अर्धा भाग चढाचा मुरमाड, खालचा काळा भारी. विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी. रोपवाटिकेवाल्याने सगळीकडे महोगनी लावा म्हणून सांगितलं. काय करू?

सगळीकडे एकच झाड लावू नका, एवढं आधी सांगतो. सातबाऱ्यावर तुमचा गट एक असेल, पण झाडाच्या मुळांना तिथे दोन-तीन वेगळ्या जमिनी लागणार आहेत.

माझं शेत यवतमाळ जिल्ह्यात, ठेवण अगदी तुमच्यासारखी. वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी सागाची रोपं बांधापासून नाल्यापर्यंत सरळ ओळीत लावली. रोपं एका दिवशीची, एकाच गाडीतली. आज नाल्याकडच्या काळीतला साग मनगटाएवढा राहिलाय, शेंडे वाळलेले, आणि कितीतरी झाडं केव्हाच मेली. अगदी वरचाही खुरटाच, कारण वीतभर मातीखाली कातळ. पण मधल्या पट्ट्यात, जिथे काळी संपून मुरूम सुरू होतो, तिथली झाडं कवेत मावत नाहीत. सागाला चुना असलेली, खोल, पण पाणी धरून न ठेवणारी जमीन लागते. वर दोन-तीन फूट माती आणि खाली मुळं शिरतील असा कुजका मुरूम, ही त्याची खरी जागा. भर पावसात काळी माती चिकट होऊन मुळांची हवा बंद करते आणि उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळं तोडते.

म्हणून रोपं घेण्याआधी वर, मध्ये आणि खाली असे तीन खड्डे घ्या. तीन-चार फूट खोल. माती किती, मुरूम कुठे लागतो, पांढरे चुनखडीचे खडे दिसतात का, ते बघा. मग खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तिथे साग नको आणि चंदन तर मुळीच नको. तिन्ही ठिकाणची माती वेगवेगळी तपासायला द्या आणि अहवालात सामू (म्हणजे pH), क्षारता (मातीतले क्षार) आणि मुक्त चुना (मातीत सुटा असलेला चुना) हे आकडे आधी वाचा. मुक्त चुना जास्त असेल तर निलगिरीची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत घालून तो पिवळेपणा कायमचा जात नाही.

खालच्या भारी काळीत मी बाभूळच लावेन. लोक नाक मुरडतात, पण तिला ही माती मानवते, थोडे दिवस पाणी साचलं तरी ती तगते आणि अवजारांना तिचं लाकूड आजही लागतं. वरच्या मुरमाडावर मानवेल बांबू किंवा खैर. मानवेल आपल्याकडच्या कोरड्या डोंगरांवरचाच, त्यामुळे उन्हाळा सोसतो. कोकणातला माणगा चांगला बांबू आहे, पण तो तिकडच्या पावसाचा. त्याचे फोटो बघून भुलू नका.

चंदन मुरमाडात येतं, कारण निचरा असतो. पण ते अर्धपरजीवी आहे, शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्नपाणी घेतं. सुरुवातीला तूर आणि पुढे कायमचं यजमान झाड सोबत नसेल तर ते पिवळं पडून बसतं. शिवाय आतला सुगंधी गाभा धरायला लागला की चोरांपासून राखण लागते. तुम्ही शेतावर राहत नसाल तर मी चंदन सुचवणार नाही.

महोगनीबद्दल स्पष्ट लिहितो. तिला खोल माती आणि वर्षभर ओल हवी, मलबार नीमलाही तेच. फेब्रुवारीत आटणाऱ्या विहिरीवर ती जगेल कदाचित, पण विकण्याजोगं खोड होणार नाही. त्यात शेंडा पोखरणारी अळी लागली की खोडाला फांटे फुटतात आणि सरळ ओंडका मिळत नाही. रोपवाटिकेवाल्याने तुमची विहीर पाहिलेली नाही. आणखी एक करा. आजूबाजूच्या बांधांवर, ओढ्याकाठी आपोआप उगवून मोठी झालेली झाडं कोणती आहेत ते एक दिवस फिरून बघा. माझ्या वडिलांना नाल्याकाठच्या बाभळी दिसत होत्या, तरी त्यांनी तिथे साग लावला.

साग, खैर, चंदन तोडायला परवानगी लागते, म्हणून लावल्यावर झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या. मानवेलाचं तसं नाही. 2017 साली भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला. तिन्ही खड्ड्यांची खोली आणि माती तपासणीचे आकडे इथे टाका, मग कुठल्या पट्ट्यात किती अंतरावर काय लावायचं ते सांगतो.