धाकट्या भावाला जन्मठेप झाली, अपील करू का?

प्रश्न: सुरीहल्ल्याच्या गुन्ह्यात माझ्या धाकट्या भावाला क्राउन कोर्टानं जन्मठेप दिली, किमान १० वर्षं. गुन्हा त्यानं कबूल केला होता. बॅरिस्टर म्हणतात, अपिलात दम नाही. नातेवाईक म्हणतात, अपील केलंस तर शिक्षा वाढेल. १६ दिवस झालेत. – एक बहीण, लेस्टर (इंग्लंड)

उत्तर: ताई, मुदत शिक्षा सुनावल्यापासून २८ दिवसांची, म्हणजे हातात १२ उरले.

शिक्षा वाढायची भीती आधी काढून टाका. आरोपीच्या अपिलावर कोर्टाला त्याची शिक्षा एकूणात वाढवता येत नाही. १९६८चा फौजदारी अपिलांचा कायदाच तसा आहे. वाढीची मागणी ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी करतात, ती वाट वेगळी. धोका आहे तो दुसरा: अर्जात काहीच तथ्य नसताना रेटलात, तर तुरुंगातले काही दिवस शिक्षेत न धरण्याचा हुकूम होऊ शकतो.

अर्ज लंडनच्या कोर्ट ऑफ अपीलकडे जातो. आधी एकच न्यायाधीश कागद वाचून परवानगी द्यायची की नाही ते ठरवतात. तीस वर्षं सॉलिसिटर होतो. या टप्प्यावर बरेच अर्ज गळताना पाहिलेत. एक आई शाळेतल्या बक्षिसांची फाइल घेऊन आली होती. मला हवं होतं न्यायाधीशांचं शिक्षा सुनावतानाचं भाषण. तुम्हीही तेच मागवा, आणि प्रोबेशनचा, म्हणजे शिक्षेआधी भावाबद्दल प्रोबेशन अधिकाऱ्यानं कोर्टाला दिलेला, अहवाल.

त्यात काय बघायचं? भाऊ पुढेही लोकांना धोकादायक आहे, हे कशावरून ठरवलं? जन्मठेपेऐवजी वाढीव देखरेखीची ठरावीक मुदतीची शिक्षा का पुरली नसती, याचा विचार दिसतो का? १० वर्षांचा हिशेबही तपासा. आता अशा जन्मठेपेत साधारणपणे मूळ शिक्षा किती झाली असती ते धरून तिचे दोनतृतीयांश घेतात, म्हणजे इथे १५ वर्षं धरली असणार. कबुलीची सूट त्याआधी वजा झाली का? रिमांडचे, म्हणजे शिक्षेआधी कोठडीत काढलेले, दिवस वजा केले का? अशी चूक सापडली, तर दम आहे. ‘तो आता सुधारलाय’ हे मात्र पुढे सुटकेचा निर्णय घेणाऱ्या पॅरोल बोर्डापुढचं बोलणं. आणि १० वर्षांनी सुटका आपोआप होत नाही, हे आईवडिलांना आत्ताच सांगून ठेवा.

बॅरिस्टरचा सल्ला लेखी घ्या. खटला लीगल एडवर, म्हणजे सरकारी खर्चानं, चालला असेल तर तो त्यातच येतो. नवा वकील केलात, तर त्याला जुन्या वकिलांकडे विचारणा करावीच लागते. त्यात दिवस जातात, म्हणून फोन आजच करा.