हद्द ठरव, मग हिशेब मांड

नागपूर, मे महिना

सप्रेम आशीर्वाद.

प्रोजेक्टसाठी तू खुल्या क्वांटम प्रणालींची, म्हणजे परिसराशी ऊर्जेची देवाणघेवाण करणाऱ्या सूक्ष्म प्रणालींची, उष्मागतिकी निवडलीस, याचा मनापासून आनंद झाला. तुझा प्रश्न एका ओळीचा आहे: कार्य आणि उष्णता यांच्या व्याख्या प्रत्येक शोधनिबंधात वेगळ्या दिसतात, मग त्यांतली खरी कोणती? हा प्रश्न आत्ता बाजूला ठेव, असं माझं सांगणं आहे. आपली प्रणाली कुठे संपते, कोणती कळ (बाहेरून बदलता येणारी गोष्ट) आपल्या हातात आहे आणि कशावर आपला ताबा नाही, हे आधी वहीत लिही. व्याख्या त्यातूनच निघते.

नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात ही अडचण येत नाही. टर्बाइनचा दांडा फिरतो ते कार्य, शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जाते ती उष्णता. वाफ आणि बॉयलरची भिंत यांच्यातल्या आंतरक्रियेची ऊर्जा आतल्या प्रचंड ऊर्जेपुढे नगण्य असते. त्यामुळे हद्द थोडी अलीकडे आखली काय नि पलीकडे आखली काय, हिशेब बिघडत नाही. एकच क्यूबिट, म्हणजे दोन पातळ्यांची क्वांटम प्रणाली, घेतला की ही सोय जाते. क्यूबिट आणि परिसर यांच्यातल्या आंतरक्रियेची ऊर्जा क्यूबिटच्या स्वतःच्या ऊर्जेइतकी असू शकते. ती कोणाच्या खात्यावर टाकायची, हाच या विषयातला खरा झगडा आहे.

सुरुवात सोप्या टोकाकडून कर. परिसराशी जोडणी दुबळी असली की १९७६ मध्ये मिळालेलं मास्टर समीकरण, म्हणजे प्रणालीची स्थिती काळानुसार कशी बदलते ते सांगणारं समीकरण, वापरता येतं. एकीकडे गोरिनी, कोसाकोव्स्की आणि आपले केरळचे सुदर्शन, दुसरीकडे स्वतंत्रपणे लिंडब्लाड, अशी ती वाट आहे. १९७९ साली रॉबर्ट अलित्स्की यांनी त्यावर उष्मागतिकी बसवली. घनता मॅट्रिक्स (प्रणालीची स्थिती सांगणारा) आणि हॅमिल्टोनियन (तिची ऊर्जा सांगणारा मॅट्रिक्स) यांच्या गुणाकाराचा ट्रेस, म्हणजे कर्णावरच्या संख्यांची बेरीज, ही अंतर्गत ऊर्जा. हॅमिल्टोनियन बदलल्यामुळे तिच्यात पडणारा फरक ते कार्य, घनता मॅट्रिक्स बदलल्यामुळे पडणारा फरक ती उष्णता.

हे कॉम्प्युटरवर टाकण्याआधी हातानं करून बघ. दोन पातळ्या घे, दोन्हींची ऊर्जा शून्य, प्रत्येकीची संभाव्यता अर्धी. परिसराचं तापमान कायम ठेवून त्यांतली एक पातळी अगदी सावकाश वर ने. प्रत्येक टप्प्यावर तिची संभाव्यता गुणिले तिच्या ऊर्जेतली वाढ, याचं इंटिग्रल काढ. पातळी अनंताकडे गेली की उत्तर येतं: बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान गुणिले २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम. शेवटी प्रणाली नक्की खालच्याच पातळीत असते, म्हणजे आधीची माहिती पुसली गेली. एक बिट पुसायची ही किमान किंमत लांडाउअर यांनी १९६१ मध्ये सांगितली होती. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या दुपारी, म्हणजे सुमारे ३१८ केल्विनला, ती साधारण ३.०४ गुणिले १० चा उणे २१ वा घात इतके ज्यूल भरते. अंतर्गत ऊर्जा सुरुवातीलाही शून्य, शेवटीही शून्य. म्हणजे घातलेलं सगळं कार्य उष्णता होऊन परिसरात गेलं. हे गणित स्वतःच्या पेन्सिलीनं सुटलं की विषयाची भीती जाते.

आता जिथं भलेभले अडकतात तिथं येऊ. दोन क्यूबिट एकमेकांना जोडलेले आहेत, एक गरम परिसराला लागून, दुसरा थंड परिसराला. पुष्कळ जण प्रत्येक क्यूबिटला, शेजारी दुसरा नाहीच असं धरून, परिसराचा परिणाम सांगणारं स्वतंत्र लिंडब्लाड पद लावतात. अशा स्थानिक समीकरणात काही परिस्थितींत उष्णता थंडाकडून गरमाकडे आपोआप वाहताना दिसते, हे लेवी आणि कोसलॉफ यांनी २०१४ मध्ये दाखवलं. उष्णता आपोआप गरमाकडून थंडाकडेच जाते हा उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडला, असं वाटून घाबरू नकोस, आणि समीकरण लगेच टाकूनही देऊ नकोस. २०१८ मध्ये दे कियारा आणि सहकाऱ्यांनी त्याच समीकरणाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं: परिसराचे कण एकामागून एक येतात, प्रणालीला क्षणभर भिडतात आणि निघून जातात. अशी प्रत्येक जोडणी करायला आणि तोडायला कार्य लागतं. ते खर्चात धरलं की दुसरा नियम शाबूत राहतो. कळ कोणीतरी दाबत होतं, पण हिशेबात तिची नोंदच नव्हती. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. हद्द आणि कळ आधी लिही, असं मी सांगतो ते यासाठीच.

जोडणी घट्ट असेल तर अलित्स्कींची विभागणी डोळे झाकून वापरू नकोस. प्रणाली आणि परिसर मिळून जी बंद व्यवस्था होते, तिच्या एकूण ऊर्जेतला बदल म्हणजे कार्य, एवढं पक्कं धर. परिसरानं गमावलेली ऊर्जा ही उष्णता मानली, तर आंतरक्रियेची ऊर्जा प्रणालीच्या बाजूला येते. सुरुवातीला प्रणाली आणि परिसर यांच्यात सहसंबंध नसेल आणि परिसर औष्णिक समतोलात असेल, तर या मांडणीत एन्ट्रॉपीची (विस्कळीतपणाच्या मापाची) निर्मिती ऋण होत नाही, म्हणजे दुसरा नियम पाळला जातो. हे एस्पोसितो, लिंडेनबर्ग आणि फान डेन ब्रोक यांनी २०१० मध्ये सिद्ध केलं.

मापनाबद्दल थोडक्यात. कार्याला स्वतःचा असा एक ऑपरेटर (मोजता येणाऱ्या राशीचं गणिती रूप) नसतो, हे टाल्कनर, लुट्झ आणि हेंगी यांनी २००७ मध्ये स्पष्ट केलं. सुरुवातीला आणि शेवटी ऊर्जा मोजून फरक घेता येतो, पण पहिलंच मापन ऊर्जापातळ्यांमधलं कोहेरन्स (त्यांच्या क्वांटम मिश्रणातला परस्परसंबंध) पुसून टाकतं. म्हणून कार्याची सरासरी लिहिलीस की ती कोणत्या मापनातून येणार, तेही शेजारी लिही.

प्रोजेक्टचा आवाका लहान ठेव, दोन क्यूबिट पुरेत. गणित दोनदा कर, एकदा आंतरक्रियेची ऊर्जा प्रणालीत धरून आणि एकदा न धरता. दोन्ही रकाने एकाच पानावर मांडून रविवारी घेऊन ये. ये मात्र सकाळी आठच्या आत. दुपारच्या उन्हात बाहेर पडू नकोस.