तिकिटाच्या पाठीमागं

प्रिय पोरी,

परवा खासबागेत भेळ खाताना तू बोललीस ते डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. "काका, पिक्चर बघताना मला आवडला होता. घरी येऊन रेटिंग बघितलं, दोन रिव्ह्यू वाचले, आणि मग कळेना, मला खरंच आवडला होता का." हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. भेळेचा कागद चुरगाळला आणि विषय बदलला, कारण तेव्हा बोललो असतो तर रागानं बोललो असतो.

आता राग ओसरलाय. थोडासा.

चांगलं कशाला म्हणायचं आणि वाईट कशाला, हे मी शिकवणार नाही. तुझं तुला कळतं. एकच सांगतो, आधी लिही, मग वाच. थेटरातून बाहेर पडलीस की चहाच्या आधी, मैत्रिणींचं "कसा वाटला गं?" सुरू व्हायच्या आधी चार ओळी लिही. मी तिकिटाच्या पाठीमागं लिहायचो. आता तिकीट मोबाईलवर येतं, तर पार्किंगच्या पावतीवर लिही. "भारी", "बोअर" असलं नको. काय दिसलं, काय ऐकू आलं, जांभई नेमकी कुठं आली, एवढंच.

२०१६ साली 'सैराट' बघितला त्याचं तिकीट अजून माझ्याकडं आहे. त्यावर लिहिलंय, "आवाज गेला. मशीन बिघडलं वाटलं. केबिनकडं वळून बघितलं. कुणी ओरडलं नाही." आवाज गेला की आपलं पब्लिक काय करतं, तुला ठाऊक आहे. शिट्ट्या, खुर्च्या बडवणं. त्या दिवशी अख्खं थेटर गप्प. शेवटाला आवाज मुद्दामच काढलेला, हे नंतर कळलं. पुढं महिनाभर जिकडंतिकडं 'निःशब्द करणारा शेवट' वाचत होतो. ते आधी वाचलं असतं तर मीही तेच खरडलं असतं, आणि आपण मान वळवून केबिनकडं बघितलं होतं हे कायमचं विसरलो असतो.

'कुंकू'चंही तसंच. चित्रपट १९३७चा, मी फार उशिरा बघितला. माझ्या कागदावर होतं, "मागं काही वाजत का नाही?" शांतारामबापूंनी त्यात मुद्दाम पार्श्वसंगीत ठेवलेलं नाही, घरातल्या आणि रस्त्यावरच्या आवाजांवर सगळं पेललंय, हे मला नंतर पुस्तकात सापडलं. पुस्तक आधी उघडलं असतं तर तो प्रश्न मला पडलाच नसता. ('कुंकू' काढणारी प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये आपल्या कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, म्हणून 'कुंकू'वर पुण्याचा शिक्का. हा राग मला वडिलांकडून आलाय. तू घेऊ नकोस.)

आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' आधी मूक काढला, मग बोलका. त्या बोलक्याबद्दल मुंबईचे सिनेमावाले जे. बी. एच. वाडिया यांनी लिहून ठेवलंय. त्यात काय आहे? अंधारात लांबून दिसणारी एक उदास झोपडी आणि कुत्र्याचं रडणं. वाचलं की झोपडी दिसते. पाचपैकी साडेतीन स्टार वाचून काय दिसतं, सांग बघू?

मालिकांनाही हाच नियम. 'तुझ्यात जीव रंगला' मालिकेतलं "चालतंय की" महाराष्ट्रभर झालं तेव्हा निम्मं कोल्हापूर खूश होतं, निम्मं म्हणत होतं, आम्ही असं कुठं बोलतो? मी दुसऱ्या निम्म्यात. पण माझं सोड. तुझी आजी बघ. टीआरपी दर गुरुवारी येतो आणि त्यावर मालिकेतल्या सासूचा स्वभाव बदलतो, हे तिच्या गावीही नाही. पण "ही बाई नथ घालून झोपती व्हय?" हे तिलाच दिसतं. तिच्याशेजारी बसून तू मोबाईलमध्ये दुसऱ्यांची मतं शोधतेस!

चिडलो. असू दे.

आता माझं ऐक. चाळीसेक वर्षं झाली. काकूला घेऊन एका कौटुंबिक पिक्चरला गेलो होतो. नाव सांगत नाही. मध्यंतरानंतर मी रडलो, चांगला हुंदका देऊन. दुसऱ्याच दिवशी आमच्या सिनेमावेड्या मंडळींच्या बैठकीत एका जाणत्या माणसानं त्या पिक्चरची टर उडवली. मीही उडवली. नुसती उडवली नाही, नायिकेच्या रडण्याची नक्कल करून दाखवली. पुढच्या रविवारी तीच मंडळी आमच्या घरी चहाला आली, फर्माईश झाली, मी पुन्हा नक्कल केली. काकू कपबशा घेऊन दारात उभी. म्हणाली, "मग माझ्याकडं रुमाल कशाला मागितला होता?"

सगळे हसले. मी म्हणालो, डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

मी खोटारडा नव्हतो गं. त्या मंडळींमुळं मी जगभरचा सिनेमा बघितला, त्यांच्यात हलकं पडायची भीती वाटायची. पंचविशीतल्या माणसाला वाटणारच. आजही मला ते समजण्यासारखं वाटतं. पण त्यानंतर आम्ही कितीतरी पिक्चर बघितले, आणि बाहेर पडताना मी "कसा वाटला?" विचारलं की तिचं एकच उत्तर. "तुम्हीच सांगा." आजतागायत. तिकिटाच्या पाठीमागं लिहायला लागलो ते तेव्हापासून. तिचं मत गेलं ते गेलं, निदान माझं तरी हाताशी राहावं.

म्हणून म्हणतो, आधी लिही. रविवारी येशील तेव्हा त्या पिक्चरचं लिहून आण. उशीर झालाय, निम्मं विसरली असशील, तरी आण. आवडला का नाही ते घालू नकोस, मी विचारणारही नाही.

आणि काकूसमोर हे पत्र काढू नकोस.

तुझा,
काका