दारू सुटली, पण भूक आवरत नाही : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

आहारविषयक सदराकडे दिवाळीनंतर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय जवळपास एकच होता. घरातील माणसाने दारू सोडली, आता त्याच्या खाण्याचे काय करायचे? तिन्ही पत्रांना या अंकात एकत्र उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या यजमानांनी आषाढी एकादशीला गळ्यात तुळशीची माळ घातली आणि त्याच दिवसापासून दारू, मटण, अंडी सारे बंद केले. पंधरा वर्षांचे पिणे होते. रोज संध्याकाळी एक क्वार्टर तरी लागायची. आता चार महिने झाले, थेंबालाही शिवलेले नाहीत. मात्र गोड खाणे फार वाढले आहे. रात्री साडेअकराला उठून गूळ, साखर, पेढे, जे हाताला लागेल ते खातात. सासूबाई म्हणतात, एक व्यसन गेले आणि दुसरे आले. डबा लपवला तर चिडतात आणि एकादशीच्या संध्याकाळी तर कोणाशी धड बोलत नाहीत. गोड बंद करावे तर पुन्हा दारूकडे वळतील आणि चालू ठेवावे तर मधुमेह होईल, अशी दुहेरी भीती वाटते. — एक भगिनी, मंगळवेढा

उत्तर : ताई, सर्वप्रथम साखरेचा डबा लपवणे थांबवा. तुमच्या दोन्ही भीती खऱ्या आहेत, पण त्या एकाच वेळी निस्तरायच्या नाहीत. पहिल्या वर्षात दारूपासून दूर राहणे हेच मुख्य काम आणि गोडाचा हिशेब त्याच्यामागून, असा क्रम ठेवा. सासूबाईंचे वाक्य यजमानांसमोर उच्चारले जाऊ नये, हेही पाहा. चार महिने इतके अवघड काम पार पाडलेल्या माणसाला पुन्हा व्यसनी म्हणवून घ्यावे लागले, तर सोडण्यात अर्थ काय होता, असा प्रश्न त्याच्या मनात येतो, आणि तो प्रश्न फार धोक्याचा असतो.

ही भूक कोठून येते ते समजले की घरातला राग पुष्कळ कमी होईल. एका ग्रॅम अल्कोहोलमधून ७ कॅलरी मिळतात. १८० मिलिलिटर व्हिस्की किंवा रममध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे रोजच्या एका क्वार्टरमधून त्यांच्या शरीरात चारशेहून अधिक कॅलरी जात होत्या. त्यांतून ना प्रथिने मिळत, ना जीवनसत्त्वे. पण ऊर्जा मिळत होती आणि शरीर ती धरून चालत होते. ती एका दिवसात थांबली. त्याच दिवशी मटण आणि अंडी हेही बंद झाले, म्हणजे पोट दीर्घकाळ भरलेले ठेवणारी प्रथिनेही कमी झाली. माळकरी झालेल्या कित्येक घरांत हे घडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही, कारण दारू सुटल्याच्या आनंदात ताटातून आणखी काय गेले, याचा विचार होत नाही.

दुसरे कारण मेंदूतले आहे. दारूमुळे मेंदूत सुखाची जाणीव देणारी डोपामिनसारखी रसायने वाढतात, आणि गोड चवीनेही त्याच यंत्रणेला, सौम्य प्रमाणात का होईना, चालना मिळते. वर्षानुवर्षे दारूवर चाललेली ती यंत्रणा पूर्ववत होईपर्यंत गुळाच्या खड्याचा आधार शोधते. यात हावरटपणा नाही आणि मनाचा दुबळेपणाही नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर मदतीच्या संघटनेने १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मूळ पुस्तकातही थकव्याच्या वेळी चॉकलेट जवळ ठेवावे, असा एका डॉक्टरांचा सल्ला नोंदवलेला आहे. याच संघटनेच्या सभांतून चार अवस्थांपासून सावध राहायला सांगतात : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. यात भूक पहिली आहे, हे लक्षात घ्यावे. रिकाम्या पोटी हात थरथरणे, चिडचिड आणि अस्वस्थपणा जाणवतो आणि दारूची तलफ आली तरी जवळपास तसेच वाटते. दोन्हींतला फरक ओळखायला दारू सोडलेल्या माणसाला बराच काळ लागतो. म्हणून भूक लागल्यावर काय द्यायचे, यापेक्षा ती लागण्याच्या आधी काय द्यायचे, हा विचार अधिक उपयोगाचा आहे.

ते पूर्वी कोणत्या वेळी पिण्यास बसत, ती वेळ आठवा. समजा सात वाजता, तर सहा वाजता त्यांच्यासमोर खरे अन्न आले पाहिजे; चहा-बिस्किटे नव्हेत. मोड आलेल्या मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे आणि ताक, दह्याबरोबर थालीपीठ, हुलग्याचे माडगे, दुधात कालवलेले सातूचे पीठ, यांपैकी घरात सहज होईल ते द्यावे. तुमच्या भागात ज्वारीची भाकरी रोजचीच आहे, ती सोडू नका. जेवणात तिच्याबरोबर पिठले किंवा घट्ट वरण आणि दही हवेच. गोड द्यायचे ते जेवणानंतर लगेच, वाटीत मोजून द्यावे. शेंगदाण्याचा किंवा राजगिऱ्याचा एक लाडू पुरेसा आहे. झोपण्यापूर्वी कपभर दूध घेतले तर रात्री उठून खाणे बहुधा दोन-तीन आठवड्यांत कमी होऊ लागेल. दिवसभरात किती कप चहा होतो आणि प्रत्येक कपात किती साखर पडते, हेही एकदा पाहा. दारू सोडलेल्यांची बरीचशी साखर नकळत चहातूनच जाते.

एकादशीविषयी थोडे स्पष्ट बोलते. त्यांच्या श्रद्धेने त्यांना दारूतून बाहेर काढले आहे आणि त्या श्रद्धेला धक्का लागेल असे काही करू नये. परंतु पहिल्या वर्षी निर्जळी किंवा दिवसभर केवळ चहावर राहून उपास नको. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ आहे. तो खाल्ल्यावर रक्तातील साखर लवकर चढते आणि भूकही लवकर परत येते. त्याऐवजी वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, रताळे, दूध, ताक असे दिवसातून तीन-चार वेळा खाल्ले तर उपासही होतो आणि संध्याकाळही शांत जाते. ज्यांच्या हातून माळ घातली त्या महाराजांनी हेच एकदा सांगितले, तर तुमचे यजमान ते अधिक लवकर ऐकतील.

एक तपासणी मात्र आता करून घ्या. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, सोबत यकृताच्या चाचण्या. फार तहान लागणे, वारंवार लघवीला जावे लागणे, खाऊनही वजन उतरणे, यांपैकी काही असेल तर आजच जा. दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांत बी-१ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाची कमतरता नेहमी आढळते. त्याच्या गोळ्या लागतील का, तेही डॉक्टरांना विचारा. डाळी, शेंगदाणे, तीळ आणि न सडलेली, म्हणजे कोंडा न काढलेली, धान्ये यांतून ते मिळते, पण मोठी कमतरता केवळ आहाराने भरून येत नाही.

हे पत्र वाचून आणखी कोणी उद्यापासून माळ घालून दारू एकदम बंद करण्याचे ठरवत असेल, तर त्याच्यासाठी एक कळकळीची सूचना. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. माळ अवश्य घाला, पण आधी डॉक्टरांना भेटा. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी हे दिवस देखरेखीखाली काढता येतात आणि शासनाच्या १४४४६ या विनामूल्य व्यसनमुक्ती मदतवाहिनीवरही विचारणा करता येते.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. आठ महिन्यांपूर्वी दारू सोडली. तेव्हापासून वजन नऊ किलो वाढले. संध्याकाळी कामावरून आलो की टीव्हीसमोर फरसाण, चकल्या आणि शीतपेय घेऊन बसतो आणि पाकीट संपेपर्यंत उठत नाही. आता दुपारी एकनंतर काही खायचेच नाही आणि अठरा तासांचा उपास धरायचा, असा विचार आहे. झोपेसाठी डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली आहे. बिनअल्कोहोलची बिअर घेतली तर चालेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, दुपारी एकनंतर खाणे बंद करण्याचा विचार सोडून द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तुमच्या दिवसातील सर्वांत नाजूक तास संध्याकाळचे आहेत आणि नेमक्या त्याच तासांत तुम्ही स्वतःला उपाशी ठेवणार आहात. खाण्यात खंड ठेवायचाच असेल तर तो रात्री साडेआठच्या जेवणापासून सकाळच्या न्याहारीपर्यंतचा पुरेसा आहे.

वजनापेक्षा मला काळजी वाटते ती तुमच्या संध्याकाळच्या मांडणीची. तीच खुर्ची, तीच वेळ, तोच चखणा आणि ग्लासात फसफसणारे पेय. यात फक्त दारूच कमी आहे. मेंदू ज्या खुणांवरून पिण्याची वेळ झाली असे ओळखतो, त्या साऱ्या खुणा तुम्ही रोज त्याच्यासमोर ठेवत आहात. शिवाय खारट फरसाणाने तहान लागते आणि त्या तहानेला कोणती सवय होती, हे तुम्हाला सांगायला नको. शंभर ग्रॅम फरसाणात पाचशेच्या आसपास कॅलरी असतात आणि ३०० मिलिलिटर शीतपेयात सहा-सात चमचे साखर असते. दोन्ही मिळून जुन्या क्वार्टरहून अधिक झाले. वजन कोठून वाढले, याचे उत्तर यातच आहे.

म्हणून आधी जागा बदला. घरी आल्यावर टीव्हीसमोर न बसता स्वयंपाकघरात किंवा अंगणात बसून दोन उकडलेली अंडी, पोहे किंवा भेळेऐवजी मोड आलेल्या कडधान्यांची कोशिंबीर, असे काही खा आणि मग अर्धा तास चालायला जा. तलफ साधारण पंधरा ते तीस मिनिटांत चढून उतरते. तेवढा वेळ पाय चालते ठेवले तर ती ओसरलेली जाणवते. फरसाणाची पाकिटे घरात आणूच नका. समोर पाकीट ठेवून निग्रह करणे ही स्वतःला दिलेली विनाकारण शिक्षा आहे. नेहमीच्या जेवणातील भात-पोळी थोडी कमी करून उसळ आणि भाजी वाढवली, तर महिन्याला एक ते दोन किलो वजन उतरते आणि त्यापेक्षा घाई करू नये.

रात्रीच्या गोळीविषयी डॉक्टरांना जरूर विचारा. झोपेसाठी आणि नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी, उदाहरणार्थ मिर्टाझापिनने, भूक वाढते. पर्याय असू शकतो, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. तलफ फारच त्रास देत असेल तर नॅल्ट्रेक्सोनसारखी ती कमी करणारी औषधेही आहेत आणि ती घेण्यात कोणताही कमीपणा नाही. बिनअल्कोहोलची बिअर मात्र नको. त्यांपैकी अनेकींत थोडे अल्कोहोल असतेच, आणि नसले तरी तो वास, ती कडवट चव आणि तो फेस याही खुणाच आहेत. कोकमाचे पाणी किंवा जिरे घातलेले ताक घ्या.

प्रश्न : वडिलांना दारूमुळे लिव्हर सिरॉसिस (यकृत कठीण होऊन निकामी होत जाण्याचा आजार) झाला असून पोटात पाणी होते. सहा महिन्यांपासून दारू पूर्ण बंद आहे. त्यांना भूकच लागत नाही. नातेवाईक सांगतात की डाळ, मासे, तेल सारे बंद करून उसाचा रस द्या. एकाने भुकेसाठी द्राक्षासव आणून दिले आहे. — एक वाचक कन्या, रत्नागिरी

उत्तर : द्राक्षासव आज बंद करा. आसवे आणि अरिष्टे आंबवून तयार होतात आणि त्यांत नैसर्गिकरीत्या अल्कोहोल निर्माण झालेले असते; बाटलीवरच्या लेबलवर ते छापलेलेही असते. सिरॉसिसच्या रुग्णाला ते घातक आहे. दारू सुटावी म्हणून डायसल्फिराम ही गोळी कोणाला चालू असेल, तर त्या व्यक्तीला अशा औषधाच्या घोटानेही उलट्या, धडधड, रक्तदाब उतरणे असा गंभीर त्रास होऊ शकतो. खोकल्याच्या काही औषधांबाबतही हेच लागू आहे.

डाळ आणि मासे बंद करण्याचा सल्ला ऐकू नका. या आजारात स्नायू झपाट्याने झिजतात आणि रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. ताजी मासळी, अंडी, मुगाचे वरण, दही, पनीर असे आलटून पालटून द्या. पोटात पाणी असल्यामुळे मीठ मात्र फार कमी हवे, म्हणून सुके बांगडे, सोडे, सुकट, पापड आणि लोणचे पूर्ण बंद. पेजेतही मीठ घालू नका. लिंबू, कोकम, कोथिंबीर यांनी चव आणा. उसाच्या रसाने यकृत सुधारत नाही, आणि मधुमेह असेल तर तो बाधतोच.

भूक लागण्याची वाट पाहू नका. पोटातील पाण्यामुळे दोन घास खाऊनही पोट भरल्यासारखे वाटते, तेव्हा दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्या. आजारी यकृताला रात्रीसाठी साखरेचा पुरेसा साठा ठेवता येत नाही, त्यामुळे रात्रीचे जेवण ते सकाळचा नाश्ता इतका वेळ उपाशी राहिल्यास शरीर स्वतःचे स्नायू वापरू लागते. झोपताना वाटीभर मऊ दूधभात किंवा नाचणीची दुधातली खीर न चुकता द्या. या एका सवयीचा लाभ अनेक महागड्या टॉनिकांपेक्षा अधिक आहे. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, बोलण्यात असंबद्धपणा किंवा दिवसा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात न्या.